टूरमधला शून्य किलोमीटरचा दिवस: पावसाने अडवल्याचे अनुभव सांगा

सायकल टूरबद्दल लिहायचं म्हणजे सगळे घाट आणि किलोमीटरच लिहितात. मला ऐकायचंय ते पावसामुळे एकही किलोमीटर झाला नाही त्या दिवसाबद्दल. सुरुवात मी करतो.

अलिबागहून समुद्राकाठच्या रस्त्याने गोव्याला निघालो होतो, तिघं जण, सप्टेंबरचा शेवट, पाऊस गेला असं जो तो सांगत होता. आगरदांडा-दिघी, मग बागमांडला-वेसवी असं बोटीत सायकली घालून खाड्या ओलांडत आंजर्ल्याला पोचलो आणि रात्री जो सुरू झाला तो सकाळीही तसाच. पुढे दाभोळची खाडी होती. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी आमचे अवतार बघूनच सांगून टाकलं, "आज कुठे जायचं नाही हो, मी घावनं घालत्ये." मग काय, मुकाट पडवीत बसलो. लाईट गेलेली, मोबाईल मेलेले. बुटांत जुन्या पेपरचे बोळे कोंबायचे, भिजले की काढून नवे कोंबायचे, हाच दिवसभराचा उद्योग. मोजे चुलीजवळ वाळवले, त्यांना पार वेंगुर्ल्यापर्यंत धुराचा वास येत होता. आमच्यातला एकजण "दिवस वाया गेला" म्हणत उरलेले किलोमीटर कागदावर वाटून काढत होता, जेवल्यावर तोच जो आडवा झाला तो दिवेलागणीला उठला.

*

आमची पुणे-कन्याकुमारी, डिसेंबरात. इकडे थंडी म्हणून रेनकोट घेतलेच नाहीत. तमिळनाडूत पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो हे शाळेत भूगोलात पाठ केलेलं, पण पॅकिंग करताना कुणाला आठवतंय! तिरुनेलवेलीत अडकलो. एवढं सगळं अंतर मारून आलेलो, कन्याकुमारी फक्त ८५ किमी, आणि आम्ही लॉजच्या खिडकीत बसून गटार वाहताना बघतोय. तिथला गव्हाचा हलवा प्रसिद्ध आहे, गरम आणि तुपाने नुसता निथळणारा. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून खाल्ला, संध्याकाळी परत खाल्ला. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं पण आम्हाला लॉज सोडता आलं नाही, कारण सांगत नाही.

*

मी सध्या म्युनिकला असते. रेगेन्सबुर्गहून डॅन्यूबच्या काठाकाठाने व्हिएन्नाला चालले होते, एकटी, पासाऊला पावसाने थांबवलं. तिथे तीन नद्या मिळतात, इन हिरवट, इल्झ काळपट आणि डॅन्यूब, संगमावर रंग वेगवेगळे दिसतात म्हणे. त्या दिवशी मला सगळंच मातकट दिसलं. मग छत्री घेऊन गावात फिरले तर टाऊन हॉलच्या भिंतीवर जुन्या महापुरांच्या खुणा. २०१३ ला पाणी १२.८९ मीटरला गेलेलं, १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा पूर. ती खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर! मी सांगलीची, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं हे ऐकत मोठी झालेय, २०१९ ला आमच्या घरात पण पाणी होतं, त्यामुळे पाय तिथून निघेनात. आईला फोटो पाठवला तर लगेच फोन, "आणि तू खोली नदीकाठी घेतलीस?" रात्री दोनदा उठून खिडकीतून नदी बघून आले.

*

तुम्ही लोक खाताय झोपताय, सायकलकडे कोण बघणार? पावसात रिम आणि ब्रेकपॅडच्या मध्ये वाळू घासत राहते, एखाद्या घाटात नवे पॅडसुद्धा संपतात. मी थांबलो की आधी पॅड बघतो, मग चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल, जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर त्याच्यावरच चिखल बसतो. आणि सीटचा दांडा काढून सायकल उलटी करा एकदा. माझ्या फ्रेममधून अर्धा पेला पाणी निघालं होतं.

*

धागा मीच काढलाय म्हणून परत लिहितो. वरचं वाचून आत्ता पार्किंगमध्ये जाऊन माझी उलटी करून आलो. टूर होऊन दीड महिना झालाय. निघालं पाणी, चहाच्या रंगाचं.