मदत हवी आहे: 'ईनिड' वाचताना लॅटिन शब्द डोक्यात राहत नाहीत

मंडळी, दीड वर्ष घरच्या घरी लॅटिन शिकतोय. व्याकरण बऱ्यापैकी झालंय, सीझरचं गद्य कोश शेजारी ठेवून वाचता येतं. गणपतीनंतर रोमन कवी व्हर्जिलचं महाकाव्य 'ईनिड' उघडलं आणि गाडी अडली. पहिल्या सर्गात 756 ओळी आहेत. रात्री तासभर बसून जेमतेम आठ होतात, बाकी वेळ कोश चाळण्यात जातो.

मोबाइलवर शब्दांची कार्डं केली आहेत. पण मारे, आइक्वोर, पोन्तुस, पेलागुस, फ्रेतुम या सगळ्यांच्या मागे मी एकच लिहून ठेवलंय: समुद्र. तलवारीचं तेच. सीझरकडे ग्लादिउस होती. इथे एन्सिस, नाहीतर नुसतं फेर्रुम, म्हणजे लोखंड! (एन्सिस आणि आपला संस्कृत 'असि' एकाच मुळाचे, हे कळल्यापासून तेवढा एक पक्का बसलाय.)

त्यात रूपंही फसवतात. दुसरा सर्ग 'कोन्तिकुएरे ओम्नेस' असा सुरू होतो, म्हणजे 'सगळे गप्प झाले'. शेवटचं '-एरे' बघून मी ते 'गप्प होणे' असं धरलं आणि क्रियापद कुठे गेलं म्हणून अर्धा तास शोधत बसलो. ते '-एरुन्त' या भूतकाळी प्रत्ययाचंच दुसरं रूप निघालं.

नोकरी सांभाळून रोज तासाच्या वर वेळ मिळत नाही. आधी यादी पाठ करू, की वाचता वाचता शब्द गोळा करू? अमरकोशासारखी घोकंपट्टी चालेल का?

प्रतिसाद:
यादी करा, पण छोटी. डिकिन्सन कॉलेजची साधारण हजार नेहमीच्या शब्दांची यादी आहे, तेवढी पुरे. पुढचं ओळींतून. पहिल्या सर्गात जुनो देवी वाऱ्यांच्या राजाला गळ घालते, त्या 65 ते 69 ओळी घ्या. 'दीवुम पातेर' (देवांचा पिता) मधलं दीवुम म्हणजे दीवोरुम, 'देवांचा'. 67व्या ओळीतलं आइक्वोर हे आइक्वुस, म्हणजे सपाट, यावरून आलंय. डोळ्यांपुढे पसरलेलं पाणी आणा. 69व्या ओळीत पुप्पेस, खरं तर जहाजांच्या मागच्या बाजू, पण बुडवायची आहेत अख्खी जहाजं. अमरकोशातलेही उदधि आणि अर्णव आपल्याला सारखे वाटत नाहीत ना? तसंच हे.

धागाकर्ता:
म्हणजे केलेली चारशे कार्डं पुसू?

प्रतिसाद:
पुसू नका हो. 'समुद्र' खोडून तिथे ती ओळ लिहा. सुरुवात पुप्पेसपासून करा.