चिकलिट बिनधास्त सुचवावं की नाही?

शेवंती
परवा मैत्रीण म्हणाली, "डोकं शिणलंय गं, काहीतरी हसवणारं सुचव." मी चिकलिटमधलं, म्हणजे आजच्या बायकांच्या जगण्यावरच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्यांतलं, मॅरिअन कीजचं 'रेचल्स हॉलिडे' सांगितलं. शेजारी बसलेले एक गृहस्थ, चांगले वाचणारे, लगेच म्हणाले, "ते बायकी असतं हो, टाइमपास." मला ते फार लागलं.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या कॉटशेजारी बसून मी दोन रात्री हे पुस्तक वाचलं. रेचल न्यूयॉर्कमध्ये राहणारी आयरिश मुलगी. नशा आणि गोळ्या जिवावर बेततात, तेव्हा घरचे तिला आयर्लंडला आणून व्यसनमुक्ती केंद्रात ठेवतात. तिची समजूत अशी की तिथे जाकुझी असेल, नटनट्या भेटतील. पोचते तर स्वयंपाकाची पाळी लागते! सगळं तिच्याच तोंडून ऐकत असल्यामुळे आपल्यालाही वाटत राहतं की बाकीचेच कांगावा करतायत. मग एक दिवस तिचा जुना मित्र ल्यूक केंद्रातल्या सगळ्या गटासमोर बसतो आणि त्याने काय काय पाहिलं ते सांगतो. एकेक प्रसंग आपण आधी वाचलेलाच, हसलेलोही त्यावर. आता तोच ऐकताना पोटात गोळा येतो. मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले होते. कीज स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेली लेखिका आहे आणि ते पानापानावर कळतं.

आणखी दोन सुचवते. सोफी किन्सेलाचं शॉपोहोलिक मालिकेतलं पहिलं पुस्तक (2000) आणि अनुजा चौहानचं 'दोज प्राइसी ठाकूर गर्ल्स' (2013). यांना टाइमपास म्हणणाऱ्यांनी कारण सांगावं.

खडूमाती
मी सांगते. 'बायकी' या शब्दाशी मला काही देणंघेणं नाही, माझं भांडण किन्सेलाशी आहे. मी पतसंस्थेत वसुलीला आहे. तिची बेकी पैशाच्या मासिकात इतरांना बचतीचे सल्ले देते, स्वतः गळ्यापर्यंत कर्जात, आणि बँकेला पाय मोडल्याची नि आजारपणाची कारणं कळवते. तिथवर सगळं खरं आहे. अगदी अशीच उत्तरं मी रोज फोनवर ऐकते. पण शेवटी काय? टीव्हीवर झळकते, काम मिळतं, देणं फिटतं. आमच्याकडे एक बाई साड्यांच्या हप्त्यांत अडकल्या होत्या. मंगळसूत्र गहाण पडलं, नवऱ्याला कळलं तेव्हा घरात बोलणं बंद झालं. त्यांना मी हे पुस्तक हसत हसत देऊ शकणार नाही.

शेवंती
तुमच्या त्या बाईंना नका देऊ, मान्य. पण बेकी टीव्हीवर कशी पोचते ते सोडून दिलंत तुम्ही. तिने नीट न बघता दिलेल्या सल्ल्यामुळे शेजारच्या वयस्कर जोडप्याला मिळणारे पैसे बुडतात. तिला लाज वाटते, आणि पहिल्यांदाच ती एखाद्या विषयाचा मुळापर्यंत छडा लावून ते पैसे बुडवणाऱ्या कंपनीविरुद्ध लेख लिहिते. पुढचं सगळं त्या लेखामुळे घडतं. नशिबाने नाही.

खडूमाती
तो लेखाचा भाग मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. पण लेख लिहून अब्रू परत मिळते, खरेदीची सवय सुटत नाही. सुटली असती तर पुढचे इतके भाग निघालेच नसते. माझं मत कायम.

तळटीप
2001 मध्ये बेरिल बेनब्रिज यांनी या प्रकाराला 'फेस', म्हणजे नुसते बुडबुडे, म्हटलं होतं आणि डोरिस लेसिंग यांनी त्यांना दुजोरा दिला होता. दोघी मोठ्या लेखिका, तेव्हा हा पुरुषी आकस म्हणता येणार नाही. शंभरातली पाच पुस्तकं चांगली निघतील, पण पंचाण्णव एका साच्यातली. नोकरीत घोळ, चुकीचा पुरुष, बरोबर पुरुष, लग्न. वाचणाऱ्याचा वेळ मोजका असतो हो.

शेवंती
हाच साचा जेन ऑस्टिनचा. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' 1813 चं. हेलन फील्डिंगने 1996 मध्ये ब्रिजेट जोन्सची डायरी लिहिताना नायकाचं आडनावसुद्धा डार्सीच ठेवलं. साचा सगळ्यांना मिळतो, त्यात काय ओतलं ते बघा ना. चौहानच्या पुस्तकात 1980 च्या दशकातली दिल्ली आहे, हेली रोडवरचे जज्जसाहेब आणि त्यांच्या पाच मुली. चौथी, देबजानी, सरकारी टीव्हीवर बातम्या वाचते. तिचा डिलन 1984 च्या शीखविरोधी दंगलींच्या मागे लागलेला पत्रकार. सरकारी बातम्या वाचणारी ती आणि त्या बातम्यांवर विश्वास नसलेला तो. यांचं भांडण नुसतं रुसव्याफुगव्याचं राहीलच कसं?

दुपारची_गाडी
मराठीबद्दल कुणीच बोलत नाहीये. आई दुपारची भांडी आवरली की मला वाचनालयात पुस्तक बदलायला पाठवायची. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे. बजावून सांगायची, "रडकी नको म्हणावं." तरी बहुतेक वेळा सोसणारी नायिकाच घरी यायची. चुका करणारी, खर्च करणारी, स्वतःवर हसणारी आणि तरीही शेवटी शिक्षा न होणारी बाई आईला मराठीत फार क्वचित भेटली. म्हणून मी शेवंतीताईंच्या बाजूची.

तळटीप
गौरी देशपांडे वाचा. त्यांच्या नायिका स्वतःला काही कमी टोचत नाहीत, आणि भाषा अशी की वाक्य पुन्हा वाचावंसं वाटतं. एवढं घरात असताना लंडनला कशाला जायचं?

दुपारची_गाडी
गौरीबाई माझ्याही लाडक्या. पण दिवसभर राबून आलेल्या, डोकं दुखत असलेल्या बाईच्या हातात 'एकेक पान गळावया' ठेवाल? आईला हवं होतं ते वेगळं. ते मराठीत कुणी लिहीत असेल तर नावं द्या, मी आजच मागवते.

तळटीप
या घडीला एकही आठवत नाहीये. शोधतो.

खडूमाती
वाचनालयातून 'रेचल्स हॉलिडे' आणलं. ल्यूक गटासमोर येऊन बसतो तिथे आहे. काल रात्री पुढे वाचवेना. तो सांगतोय ते सगळं खरं आणि तिला अजून पटतच नाहीये. वसुलीला गेल्यावर घरचे बोलतात तेव्हा कर्जदाराचा चेहरा असाच होतो. किन्सेलाबद्दल तडजोड नाही. पण कीजचं आणखी एखादं असेल तर सांगून ठेवा.