मिनिप्रेप: प्लास्मिड फारच कमी येतंय, तातडीने मदत हवी आहे

मृण्मयी_प्र: मंडळी, मिनिप्रेपमध्ये (जिवाणूंतून थोड्या प्रमाणात प्लास्मिड काढतात ते) प्लास्मिड, म्हणजे जिवाणूतला छोटा गोल डीएनए, येतच नाहीये म्हणा ना. नॅनोड्रॉपवर (डीएनए मोजायचं यंत्र) जेमतेम १८ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. शुद्धतेची गुणोत्तरं: २६०/२८० (प्रथिनांसाठी) छान १.८५, पण २६०/२३० (क्षारांसारख्या अशुद्धींसाठी) फक्त ०.९. एन्झाइमने डायजेस्ट केलं (कापलं) की जेलवर ठळक बँडऐवजी नुसता पसरट स्मिअर. एन्झाइम नवीन आहे. सोमवारी सीक्वेन्सिंगला सॅम्पल द्यायचंय, गाइड रोज विचारतायत. काय करू?

कोकणकडा: प्लास्मिड कोणतं? होस्ट (प्लास्मिड वाढवणारा जिवाणू) कोणता? कल्चर किती? किट की हाताने?

मृण्मयी_प्र: किट. ५ मिली एलबी (जिवाणू वाढवायचं द्रव), रात्रभर.

जुनाजाणता: किट सोडा. बर्नबॉइम आणि डोलींची १९७९ची अल्कलाइन लायसिस (अल्कलीने पेशी फोडणं) हाताने करा. सोल्यूशन टू (पेशी फोडणारं) ताजंच हवं: ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, १ टक्का एसडीएस (डिटर्जंट). पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि व्हॉर्टेक्स (यंत्राने जोरात ढवळणं) अजिबात नको, ट्यूब हळूच उलटीसुलटी करा. नाहीतर क्रोमोसोमल डीएनए तुटून प्लास्मिडबरोबर येतो. मग फिनॉल-क्लोरोफॉर्म, शेवटी इथेनॉल.

पेट्रीडिश: दादा, सोमवार तोंडावर आलाय, त्यांना फिनॉल कशाला? त्याचा अंश राहिला तर रीडिंग आणखी बिघडेल. २६०/२३० पडलाय म्हणजे बहुतेक ग्वानिडिन (किटच्या बफरमधला क्षार) उरलंय. वॉश दोनदा द्या, मग कॉलम रिकामा फिरवा. इल्यूशन बफर ५५ अंशांना गरम करून मेम्ब्रेनच्या मधोमध सोडा, दोन मिनिटं थांबा.

जुनाजाणता: कोणत्या बफरात काय आहे हे किटवाल्या मुलांना माहीतच नसतं. अडलं की मग असे धागे निघतात.

पेट्रीडिश: माहीत आहे म्हणूनच ग्वानिडिन म्हटलं ना!

सुरभी_क: मी रक्तातून डीएनए काढते. प्रोटीनेज के घालून ५६ अंशांना रात्रभर ठेवा, भरपूर मिळतो.

पेट्रीडिश: ताई, तो जीनोमिक (पेशीचा मुख्य डीएनए). इथे प्लास्मिडचं चाललंय.

कोकणकडा: मृण्मयी, होस्ट अजून सांगितला नाहीत. स्मिअरचं मूळ तिथेच असावं.

मृण्मयी_प्र: बीएल२१(डीई३). पीईटी-२८ए या प्लास्मिडमध्ये इन्सर्ट (घातलेला डीएनएचा तुकडा) आहे. लॅबमध्ये तोच ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवलेले जिवाणू) आहे. त्याने काय फरक पडतो?

कोकणकडा: खूप पडतो. बीएल२१मध्ये एंडोन्यूक्लिएज ए (डीएनए चिरणारा न्यूक्लिएज) शाबूत असतो. प्रेपमध्ये थोडा जरी आला, तरी डायजेशन बफरमधलं मॅग्नेशियम मिळताच प्लास्मिड चिरतो. डीएच५अल्फा या दुसऱ्या होस्टमध्ये त्याचा जीन निकामी आहे. शिवाय पीईटीची कॉपी संख्या (पेशीमागे प्रती) मुळातच कमी, पीयूसीसारख्या जास्त कॉपीच्या प्लास्मिडइतकं हाती लागणार नाही.

आधी खात्री करा. प्लास्मिड नुसत्या डायजेशन बफरमध्ये, एन्झाइम न घालता, ३७ अंशांना तासभर ठेवून जेल चालवा. तरीही स्मिअर आला तर न्यूक्लिएजच. मग उरलेलं न कापलेलं प्लास्मिड १ मायक्रोलिटर घेऊन डीएच५अल्फात ट्रान्सफॉर्म करा (पेशींत घाला). आज प्लेट, उद्या कॅनामायसिन ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीवर १० मिली कल्चर, रविवारी मिनिप्रेप. ते १० मिली एकाच कॉलमवर घ्या, पण लायसिसचे बफरही दुप्पट करा, नाहीतर पेशी नीट फुटत नाहीत.

जुनाजाणता: हे पटलं. आम्ही पीबीआर३२२ या प्लास्मिडला क्लोरॅम्फेनिकॉल (अँटिबायोटिक) देऊन कॉपी वाढवायचो, तेही करून बघा.

कोकणकडा: आता नको, एका वेळी एकच बदल.

मृण्मयी_प्र: कंट्रोल लावला. एन्झाइमशिवायही स्मिअर! आमच्याकडे डीएच५अल्फाच्या कॉम्पिटंट सेल्स (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या पेशी) नाहीत. पुण्यात विद्यापीठाच्या आसपास कुणी आज संध्याकाळपर्यंत एक व्हायल देऊ शकेल का? बर्फ घेऊन मीच येते.

पेट्रीडिश: पाषाणला आहे, व्यनि (खासगी निरोप) करा. पाचच्या आत या.