'वैवाहिक मालमत्ता' म्हणजे नक्की काय?

कृष्णाकाठ: ओळखीतल्या एका मुलीचा कॅलिफोर्नियात घटस्फोट चाललाय, आईवडील मिरजेत, त्यांच्यासाठी कागद मराठीत करून देतोय. कम्युनिटी प्रॉपर्टीला 'वैवाहिक मालमत्ता' लिहिलं तर आई म्हणाली, म्हणजे लग्नात दिलेली भांडी, कपाट, आहेर का? सेपरेट प्रॉपर्टीला एकानं 'स्वकष्टार्जित' सुचवलं, पण ते पार उलटं होतं, कारण तिकडं लग्नानंतर कमावलेला पगारच दोघांचा धरतात आणि निम्मा निम्मा वाटतात. लग्नाआधीचं, वारसानं आलेलं, एकट्याला बक्षीस मिळालेलं तेवढंच ज्याचं त्याचं. काय लिहू?

माणदेशी: आईचं बरोबरच आहे की. हिंदू विवाह कायद्याचं कलम 27 त्याच वस्तूंबद्दल बोलतं, लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या असलेल्या. नवऱ्यानं स्वतःच्या पगारातून स्वतःच्या नावावर घेतलेला फ्लॅट त्यात येत नाही. 'सामाईक' लिहा, सगळ्यांना कळतंय.

वाईकर: सामाईक नको हो. सातबाऱ्यावर सामाईक म्हटलं की भाऊबंद आठवतात, आणि विभक्त म्हणजे वाटणी झालेले भाऊ. नवराबायकोचं प्रकरण वाचतोय असं वाटणारच नाही.

गलाईवाला_विटा: आमच्यात 'संसारात केलेलं' आणि 'माहेरचं' असं म्हणतात, त्यात सगळं आलं. माहेरचं सोनं बाईचंच, 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की स्त्रीधन तिच्या एकटीचं, नवऱ्याकडं नुसतं सांभाळायला. पण आमच्या धंद्यात माणसं परराज्यात जाऊन गलाईचं, म्हणजे सोनंचांदी गाळायचं, दुकान टाकतात आणि भांडवलाला बायकोच्या पाटल्या मोडतात. माझ्या चुलतीच्या मोडल्या. आता ते दुकान माहेरचं का संसारातलं? चुलती शेवटपर्यंत म्हणायची, दुकान माझं आहे. मला तिचं पटतं.

कृष्णाकाठ: हाच प्रश्न त्या कागदात आहे! स्वतःचा पैसा दोघांच्या पैशात मिसळला तर त्याचा माग दाखवावा लागतो, नाही दाखवता आला तर दोघांचा धरतात. स्त्रीधन मात्र नाही चालणार, सेपरेट नवऱ्याचंही असतं.

शुद्धलेखन: दांपत्यधन आणि पृथक्‌धन. मराठीत शब्द असताना प्रॉपर्टी कशाला? शब्द वापरले नाहीत तर रुळणार कसे?

माणदेशी: 'मालमत्ता' तरी कुठं शुद्ध आहे, माल आणि मताअ दोन्ही अरबी. पृथक्‌धन मिरजेतल्या त्या आईला कळणार आहे का? कागद तिच्यासाठी आहे.

वाईकर: तसं तर घटस्फोटसुद्धा मुळात नवराबायकोचा नव्हे. धर्मशास्त्रात पतित माणसाला कुळातून बाहेर काढताना पाण्याचा घट पालथा घालत, तो घटस्फोट. आपला शब्द काडीमोड.

गलाईवाला_विटा: माझी आजी काडीमोड कधी म्हणायची नाही, फारकतच म्हणायची.

वाईकर: फारकत हिशेबाची. देणं फिटलं की लिहून द्यायचे ती फारखती, फारिग आणि खत. बायकोला नंतर लागली.

गलाईवाला_विटा: नंतर कशावरून? खानापूर तालुक्यात म्हातारी माणसं आजही जमिनीला हक्कसोड म्हणतात, फारकत फक्त बाईचीच.

माणदेशी: आटपाडीत भावाभावांचीपण फारकत होते, मी स्वतः ऐकलंय.

वाईकर: मग तेच म्हणतोय मी, मूळ हिशेबाचंच.