६१७४ चं कौतुक पुरे, ५०४० कडे बघा

भागाकार:
चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. सगळे अंक सारखे नसतील तर सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. कापरेकरांचा हा शोध सुरेखच, पण ६१७४ चा दबदबा दशमानाबाहेर चालत नाही. ५०४० चं तसं नाही. ७×६×५×४×३×२ म्हणा नाहीतर १०×९×८×७, येते तीच. विभाजक ६०, तिच्याहून लहान कुठल्याच संख्येला इतके नाहीत. लिहायची पद्धत बदला, विभाजक तेवढेच राहतात. प्लेटोने आदर्श नगरराज्यात ५०४० कुटुंबं ठेवली ती उगाच नाही.

तिरकस:
१ ते १० ने भाग जायला २५२० पुरते. दुप्पट कशाला? शिवाय ११ ने ५०४० ला भाग जात नाही. आणि ७५६० ला ६४ विभाजक आहेत, म्हणजे विक्रमही मोडला.

भागाकार:
११ ची पळवाट प्लेटोनेच दिलीय: दोन कुटुंबं वगळा, ५०३८ ला भाग जातो. विक्रम मोडतात, मान्य. म्हणून विभाजकांची बेरीज बघा: १९३४४. आता ५०४० चा नैसर्गिक लॉग, त्या लॉगचा पुन्हा लॉग, गुणिले ५०४०, गुणिले १.७८१. येतात सुमारे १९२३७. म्हणजे बेरीज या मर्यादेच्या वर गेली. गणिती गी रोबँ यांनी १९८४ मध्ये सिद्ध केलं की ५०४० नंतरची एकही संख्या ही मर्यादा गाठत नसेल तर रीमानचं गृहीतक (मूळ संख्या कशा विखुरल्यात याबद्दलचा, अजून सिद्ध न झालेला अंदाज) खरं, आणि ते खरं असेल तर एकही गाठणार नाही. गणितातला सर्वात मोठा अनुत्तरित प्रश्न या संख्येपाशी येऊन थांबतो!

शून्यवादी:
१.७८१ कुणी ठरवलं? १.८ घ्या, ५०४० मर्यादा गाठणाऱ्यांच्या यादीतून बाहेर. शेवटचा मान मग तिरकसरावांच्या २५२० ला.

भागाकार:
तो आकडा कुणाच्या आवडीचा नाही. ग्रोनवॉल यांनी १९१३ मध्येच दाखवलं की विभाजकांची बेरीज भागिले (संख्या गुणिले लॉगचा लॉग), या गुणोत्तराची अंतिम वरची सीमा नेमकी हीच, म्हणजे e चा (नैसर्गिक लॉगच्या पायाचा) ऑयलर स्थिरांकाइतका, सुमारे ०.५७७, घात. त्याहून थोडा कमी आकडा घेतला तर मर्यादा गाठणारे अपवाद अनंत, थोडा जास्त घेतला तर मोजकेच. रीमानचा प्रश्न फक्त काठावर उभा राहतो.

शून्यवादी:
काठ मान्य. पण रोबँचंच प्रमेय पुढे सांगतं की गृहीतक खोटं निघालं तर ५०४० नंतरही अपवाद अनंत. तोवर हिचं ‘शेवटची’ असणं उधारीवरचं. ६१७४ चं सगळं रोख: दहा हजारांखालच्या संख्या तपासल्या की काम संपलं, आणि शाळकरी पोरगाही ते कागदावर करू शकतो. लॉगचा लॉग घेऊन कुणाला गणिताची गोडी लागली असेल, असं मला वाटत नाही.

तिरकस:
दोघंही ५०४१ विसरलात. ७१ चा वर्ग! १ ते ४ चा गुणाकार अधिक १ म्हणजे २५, १ ते ५ चा अधिक १ म्हणजे १२१, आणि मग एकदम सातवर ही. असा चौथा वर्ग अजून कुणाला सापडलेला नाही, नसल्याची सिद्धताही नाही. माझं मत ५०४० ला, पण प्लेटोसाठी नाही, या शेजाऱ्यासाठी.