मदत हवी आहे : संकटानंतर मन पुन्हा उभे कसे करावे?

नमस्कार. मी निफाड तालुक्यातील द्राक्षउत्पादक आहे. वय ३८, बाग साडेतीन एकर, घरी आईवडील, पत्नी आणि दोन मुले. माझा प्रश्न औषधाचा किंवा खताचा नसून मनाचा आहे आणि तो नीट मांडता यावा म्हणून थोडे मागून सांगतो.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी आमच्या भागात अवकाळी पावसासोबत गारपीट झाली, तेव्हा आमचा एक प्लॉट फुलोऱ्यात होता आणि आगाप छाटलेल्या दुसऱ्या प्लॉटमध्ये मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वेलींखाली कोवळ्या मण्यांचा आणि फाटलेल्या पानांचा थर पडला होता. एका घडाला हात लावला, तर गारांचा मार बसलेल्या बाजूचे मणी बोटांबरोबर निखळून आले. त्या दिवशी मी अगदी शांत होतो. पंचनाम्यासाठी फोटो काढले, वडिलांना धीर दिला, फवारणीची जुळवाजुळव केली. गावात लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. मलाही तसेच वाटले.

त्यानंतर मात्र जवळजवळ दोन महिने मी काही ना काही निमित्त काढून बागेत जाणे टाळले. गारपिटीतून वाचलेल्या घडांवर भुरी (पांढऱ्या पुडीसारखा बुरशीचा रोग) चढली, ती वडिलांच्या नजरेस पडली तोवर उशीर झाला होता. जो थोडाफार माल हाती लागला असता, तो माझ्या टाळाटाळीने गेला. या काळात मी रडलो नाही, कोणाजवळ बोललो नाही आणि यालाच कणखरपणा समजत राहिलो.

यंदा, २०२५ मध्ये, पाऊस मे महिन्यातच सुरू झाला. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातील छाटणी) काडीत घड तयार होतात त्या दिवसांत बागेला पुरेसे ऊन मिळाले नाही आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी निघाल्या तेव्हा पुष्कळ वेलींवर घडांऐवजी बाळ्याच (घड न बनता निघणारे ताणे) दिसल्या. गेले दहा दिवस मी पहाटे उठतो, बांधापर्यंत जातो आणि परत येतो. पुन्हा तेच सुरू होईल, अशी भीती वाटते.

मन घट्ट करा, असे सगळेच सांगतात. परंतु ते करायचे म्हणजे रोज सकाळी नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. ज्यांनी असे हंगाम पाहिले आणि तरीही वेळच्या वेळी निर्णय घेतले, त्यांनी ते कसे जमवले, हे कृपया सविस्तर लिहावे. वडिलांशी आणि पत्नीशी याविषयी कसे बोलावे, हेही मला कळत नाही.

प्रतिसाद

भाऊ, मी तासगाव तालुक्यात ३० वर्षे द्राक्षे करतो. २००३ च्या दुष्काळात टँकरचे पाणी घालून बाग जगवली आणि त्या उन्हाळ्यात माझीही अवस्था तुमच्यासारखीच झाली होती. भीती अजूनही जात नाही, आभाळ भरून आले की पोटात गोळा येतोच. पण भीती असतानाही बागेत जायची सवय लावता येते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

तेव्हापासून छाटणीच्या दिवशी, डोके शांत असताना, मी डायरीत लिहून ठेवतो की नुकसान झाले तर पहिल्या तीन दिवसांत कोणती कामे करायची आणि किती रकमेपुढे खर्च थांबवायचा. संकटाच्या दिवशी विचार करण्याची ताकद उरत नाही, तेव्हा ते पान उघडायचे आणि त्याप्रमाणे वागायचे. दुसरे म्हणजे, वाईट हंगामात शेजारचा बागायतदार आणि मी एकमेकांच्या बागेत फेरी मारतो. दुसऱ्याची बाग बघताना छाती दडपत नाही, आणि तो आपल्या बागेत आला की आपल्यालाही आत शिरावेच लागते.

घरच्यांशी बोलण्याचे म्हणाल, तर मी पत्नीला एवढेच सांगितले होते की मला बागेत जाववत नाही. बाकीचे तिला आधीच कळले होते. त्या दिवसांत फवारणीच्या विषारी औषधांच्या खोलीची किल्लीही मी तिच्याकडे देऊन टाकली होती. तुम्हीही ती आजच द्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. झोप, भूक आणि कामातील गोडी दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटू लागले, तर क्षणभरही थांबू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तो चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते.

उद्या बांधावरून परत फिरू नका. पहिल्या दोन ओळींतील घड मोजा आणि आकडा इथे लिहा. पुढचे मग बोलू.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. किल्ली काल रात्रीच पत्नीकडे दिली आणि आज वडिलांना सोबत घेऊन गेलो. दोन ओळींत ८४ वेली आहेत, घड ७१२ भरले. उरलेल्या ओळी उद्या मोजतो.