'राखीव चलन' की 'गंगाजळीचं चलन'?

शंकासूर: डॉलरच्या भवितव्यावरचा लेख भाषांतराला घेतलाय. 'रिझर्व्ह करन्सी'ला, म्हणजे मध्यवर्ती बँका साठ्यात ठेवतात त्या परकीय चलनाला, बेधडक 'राखीव चलन' लिहिलं, तर संपादकांचा समासात शेरा: 'राखीव कोणासाठी?' वाक्य असं: 'मध्यवर्ती बँकांच्या परकीय गंगाजळीत डॉलरचा वाटा १९९९ साली ७० टक्क्यांवर होता, आता ६०च्या खाली आहे, तरी राखीव चलन म्हणून त्याला तोडीस तोड कोणी नाही.'

कोपरखळी: उत्तर वाक्यातच आहे की. साठा गंगाजळी, तर चलन 'गंगाजळीचं'.

जुनी वही: गंगाजळी म्हणजे मुळात गंगेचं पाणी भरून तोंड झाळलेला गडू. अखेरच्या घटकेपर्यंत फोडायचा नाही. इथे स्वतःचं चलन घसरू लागलं की बँका डॉलर विकायला काढतात!

कोपरखळी: शाई म्हणजे मुळात काळी. निळी शाई म्हणता ना?

निधिप्रिय: 'निधिचलन' म्हणा. सुटसुटीत आहे. 'डीडॉलरायझेशन'ला, म्हणजे डॉलरवरची भिस्त कमी करण्याला, मी 'निर्डॉलरीकरण' वापरतो.

कोपरखळी: तो उच्चारताना माझी जीभ निर्वाणाला पोचली. त्यापेक्षा 'रिझर्व्ह करन्सी' ठेवा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, फेडरल रिझर्व्हला, 'संघीय राखीव' म्हणतं का कोणी?

निधिप्रिय: ते विशेषनाम आहे. आळसाला रूढीचं पांघरूण नको.

हिशेबनीस: सगळे साठ्यालाच धरून बसलेत. तेलाचे सौदे, परदेशी कर्जं, अमेरिकेचा संबंध नसलेल्या दोन देशांमधला व्यापारही डॉलरमध्ये चालतो. डॉलरची खरी मांड तिथे आहे, ती 'राखीव'मध्ये कुठे दिसते? बाकी २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाची परदेशात ठेवलेली सुमारे ३०० अब्ज डॉलर किमतीची गंगाजळी 'गोठवली', तेव्हा 'गंगाजळी' हा शब्द मला पहिल्यांदा अक्षरशः पटला.

जुनी वही: गोठलेली गंगाजळी! वा. डॉलरही मुळात पाण्याच्याच वाटेवरचा बरं का. बोहेमियातल्या योआखिमस्थालच्या खाणीतल्या चांदीचं नाणं ते 'थालर', त्याचा डॉलर. 'थाल' म्हणजे दरी. आपलं 'तळ' त्याच गोत्रातलं असावं, असं मला कायम वाटतं.

निधिप्रिय: वाटण्याला पुरावा?

जुनी वही: कान.

शंकासूर: मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. तूर्त 'गंगाजळीचं चलन' घालतोय. शीर्षक 'डॉलर्सचे दिवस भरले?' असं ठेवलंय.

निधिप्रिय: 'डॉलर्स'?? दहा रुपयांना 'दहा रुपीज' म्हणता का?

कोपरखळी: सुट्या नोटा मोजताना डॉलर, ढीग दिसला की डॉलर्स. फरक आहे.

निधिप्रिय: यावर वेगळा धागा काढतो.